ऋषिऋण आणि घाण्याचे तेल

कलेसाठी कला की जीवनासाठी कला, ह्या प्रश्नावर ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर ह्यांच्या नावांभोवती मराठीत एके काळी एवढी शाई खर्ची पडली आहे की, तो विषय आज पुन्हा काढला असता वाचक जांभई देईल अशी भीती वाटते. परंतु ह्या वादाचे एक थोरले भावंड आहे, आणि त्याची वाच्यता आपल्याकडे त्या मानाने फारच थोडी झाली. ज्ञान हे ज्ञानासाठीच मिळवावे, की त्यापासून लोकांचे काही हित व्हावे म्हणून मिळवावे, हा तो वाद होय.

१८३० सालच्या जुलै महिन्यात याकोबी ह्या पंचविशीतील जर्मन गणितज्ञाने लजांद्र ह्या वयोवृद्ध फ्रेंच गणितज्ञास एक पत्र लिहिले. त्यात फूरिए ह्याचा उल्लेख आहे. फूरिए त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच निवर्तला होता. गणिताने लोकांच्या उपयोगी पडावे आणि सृष्टीतील व्यापारांचा उलगडा करावा, अशी फूरिएची धारणा होती. आणि केवळ संख्यांच्या गुणधर्मांत रमणाऱ्या याकोबीसारख्यांविषयी त्याची थोडी तक्रार होती. याकोबीने पत्रात त्यास उत्तर दिले. त्याचा आशय असा की, मनुष्याच्या बुद्धीची थोरवी प्रकट व्हावी एवढेच शास्त्राचे प्रयोजन आहे, आणि त्या दृष्टीने पाहता संख्यांविषयीचा प्रश्न हा विश्वरचनेच्या प्रश्नाहून तिळमात्र हलका नाही.

ह्या दोघांपैकी कोणाचा पक्ष घ्यावा हे ठरविण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दोघेही आपापल्या आवडीविषयी बोलत होते. आपण जे करतो ते का करतो, ह्याचे उत्तर प्रत्येकाने दिले, आणि ते प्रामाणिकपणे दिले. परंतु ह्या व्यवहारात एक तिसरा मनुष्य असतो, त्याचे नाव ह्या पत्रात नाही. ज्याला त्या ज्ञानात गोडी नाही, किंवा गोडी लागण्याची संधीच ज्याला मिळालेली नाही, आणि तरीही ज्याच्या कष्टातून त्या ज्ञानाचा खर्च चालतो, तो हा मनुष्य. त्याने हा भार का वाहावा? प्रश्न नीतीचा आहे तो येथे.

ह्या प्रश्नाला आजकाल एक ठरीव उत्तर मिळते. शास्त्रज्ञ म्हणतो: बाबा रे, आज दे, माझ्या ह्या निरुपयोगी दिसणाऱ्या विचारातून उद्या तुझ्याच उपयोगाची वस्तू निघेल. ही एक हुंडी आहे, आणि ती वटल्याची उदाहरणेही त्याच्यापाशी तयार असतात. त्यांतले सर्वांत गोड उदाहरण फूरिएच्याच गणिताचे आहे. उत्तम जुळविलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून न छेडलेला गांधार कानी पडतो हे आपल्या गवयांस ठाऊक आहे. एका नादात अनेक नाद दडलेले असतात. कोणतेही गुंतागुंतीचे आंदोलन हे अनेक साध्या आंदोलनांच्या बेरजेने मांडता येते, हे फूरिएने उष्णता पदार्थात कशी पसरते ह्याचा विचार करताना दाखविले आणि १८२२ साली आपल्या ग्रंथात प्रसिद्ध केले. ही विभागणी झपाट्याने करण्याची एक युक्ती आहे. ती अमेरिकेत कूली आणि ट्यूकी ह्यांनी १९६५ साली मांडली. पण मागाहून असे आढळले की, लघुग्रहांच्या कक्षा काढीत असता गाउसने १८०५ च्या सुमारासच ती लॅटिनमध्ये लिहून ठेविली होती. त्याच्या मृत्यूनंतर ते लिखाण १८६६ साली छापलेही गेले, आणि कोणी त्याकडे लक्ष दिले नाही. फूरिएने आपला पहिला निबंध सादर केला तो १८०७ साली; म्हणजे वाट तयार होण्याआधीच तीवरची आडवाट गाउसला सापडली होती!

आता ह्याचा आणि बिनतारी संदेशांचा संबंध काय तो पाहू. चार भिंतींच्या आत बिनतारी लहर सोडली की ती भिंतींवर, कपाटांवर, माणसांवर आपटून निरनिराळ्या वाटांनी निरनिराळ्या क्षणी पोचते. घुमटाखाली भरभर बोलणाऱ्याचे शब्द जसे एकमेकांत मिसळून जातात, तसा तो संदेश बिघडतो. ह्यावर तोड अशी की, एका लहरीवर जलद संदेश न लादता त्याचे अनेक संथ प्रवाह करावेत आणि ते जवळजवळच्या अनेक लहरींवर वाटून द्यावेत. शब्द संथ झाला की प्रतिध्वनीला त्याची नासाडी करता येत नाही. हे वाटणे आणि पुन्हा एकत्र करणे फूरिएच्या गणिताने, आणि गाउसच्या त्या विस्मृत युक्तीने, होते. घरोघरी आज जे वाय-फाय आहे त्याच्या पोटात हे गणित क्षणाक्षणाला चालू असते.

कथेला आणखी एक रंग भरण्यात येतो. जॉन ओ'सलिव्हन ह्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात नेदरलँड्समधील ड्विंगेलो येथील रेडिओ-दुर्बिणीवर एक शोध चालविला होता. अतिसूक्ष्म कृष्णविवरे हळूहळू झिजून अखेर फुटतात, असे हॉकिंगच्या १९७४ सालच्या विचारातून निघत होते. त्या स्फोटाचा क्षणार्धाचा रेडिओ-ध्वनी ऐकू येतो काय, हे त्याला व त्याच्या सहकाऱ्यांना पाहावयाचे होते. काहीही ऐकू आले नाही. पुढे हाच मनुष्य ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधनसंस्थेत बिनतारी संदेशांच्या प्रश्नाकडे वळला. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली एकस्वासाठी अर्ज केला. आणि त्या एकस्वापासून त्या संस्थेला पुढे चाळीस कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक प्राप्ती झाली. कृष्णविवरे सापडली नाहीत, वाय-फाय सापडले, असे मग सांगण्यात येते.

ही कथा रंजक आहे, परंतु तिच्यावर नीतीची इमारत उभारणे मला धोक्याचे वाटते. वाय-फायला पुष्कळ जन्मदाते आहेत, आणि फसलेल्या एका शोधाचे ते सरळ अपत्य आहे असे म्हणणे ही ओढाताण होय. रेडिओ-ज्योतिषाच्या अभ्यासात मुरलेली दृष्टी त्या प्रश्नाला उपयोगी पडली, इतकेच खरे. पण ते सोडून द्या. मुख्य दोष निराळाच आहे. एक हुंडी वटली म्हणून नऊशे नव्याण्णव हुंड्या वटतील असे सांगणारा सावकार आपण लबाड समजतो. आणि शास्त्रज्ञाला तर आपली हुंडी वटेल की नाही हे स्वतःलाच ठाऊक नसते. रीमानने १८५९ साली मूळ संख्यांच्या विभागणीविषयी जे अनुमान केले ते आजही सिद्ध झालेले नाही. त्याच्या पाठीमागे ज्यांची आयुष्ये गेली त्यांपैकी कोणीही शेतकऱ्याचे उत्पन्न वाढावे म्हणून त्या वाटेला गेला नाही. हे मनात ठेवून त्याच शेतकऱ्यापुढे भावी लाभाचे गाजर धरणे हे असत्य आहे, मग त्यातून पुढे योगायोगाने लाभ झाला तरीही.

ह्याच्या नेमक्या उलट टोकाला हार्डी उभा आहे. रामानुजनच्या पत्राचे मोल ओळखणारा तो हाच केंब्रिजचा गणितज्ञ. १९४० साली, युद्ध पेटले असता, आपल्या आयुष्याचे समर्थन म्हणून त्याने जे छोटे पुस्तक लिहिले त्यात त्याने हुंडी साफ नाकारली आहे. माझे गणित निरुपयोगी आहे, असे तो अभिमानाने सांगतो. आणि निरुपयोगी म्हणूनच निरुपद्रवीही आहे, असा त्याचा त्यातला दिलासा आहे. संख्याशास्त्र किंवा सापेक्षतावाद ह्यांचा युद्धाला काही उपयोग झालेला नाही, आणि लवकर होण्याचे चिन्हही नाही, असे त्याला वाटत होते. पाच वर्षांत हिरोशिमा झाले. संख्याशास्त्राला थोडा अधिक वेळ लागला. १९७३ साली क्लिफर्ड कॉक्स ह्या तरुणाने ब्रिटिश सरकारच्या गुप्त संदेशखात्यात बसून मूळ संख्यांच्या गुणाकारावर आधारलेले एक कुलूप शोधून काढले, आणि ते १९९७ पर्यंत गुपित राहिले; दरम्यान १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन ह्यांनी ते स्वतंत्रपणे शोधिले होते. फेर्माने १६४० साली एका पत्रात सांगितलेला सिद्धान्त त्या कुलपाच्या मुळाशी आहे. आज त्या जातीच्या कुलपांनी आपले बिनतारी व्यवहार सुरक्षित राहतात, आणि त्याच कुलपांनी दरोडेखोर परक्याची कागदपत्रे कोंडून खंडणीही मागतात.

हार्डीचा प्रामाणिकपणा मला हुंडीवाल्यांपेक्षा अधिक आवडतो. तरीही त्याचे समर्थन टिकत नाही. माझ्या हातून काही घडत नाही म्हणून मी निर्दोष, हे म्हणणे फार तर एखाद्या बैराग्याला शोभेल. आणि बैरागीही अखेर कोणाच्या तरी दारची भिक्षा खातो.

उपयोगाचे समर्थन खोटे आणि निरुपयोगाचे समर्थन अपुरे, तर मग ह्या ज्ञानाला आधार तरी कोणता? मला वाटते, ह्याचा विचार करावयास आपल्या घरचाच एक दगड उपयोगी पडेल.

खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी एकोणिसाव्या शतकात तो विद्वानांच्या नजरेस आणिला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण ह्याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे सिद्धान्तशिरोमणि आदी ग्रंथ पढविले जावेत म्हणून त्याने पाटण येथे एक मठ स्थापिला, आणि तेथील निकुंभ घराण्यातील सोइदेवाने शके ११२८ च्या सुमारास त्या मठास देणगी दिली. गणित आणि ज्योतिष ह्यांच्या अध्ययनासाठी महाराष्ट्रात झालेली ही नेमणूक आठशे वर्षांपूर्वीची आहे. शिलालेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. भास्कराचार्यांच्या कुळाची कीर्ती, राजांची स्तुती, सारे काही तेथे यथासांग आहे. परंतु शेवटी देणगीचा तपशील येतो, तेव्हा लेख एकदम त्या काळच्या मराठीत उतरतो. पाटणच्या बाजारात जो माल येईल त्यावरील करातला वाटा मठास द्यावा. जितके घाणे चालत असतील तितक्यांमागे ठराविक तेल द्यावे. कीर्ती संस्कृतात आणि तेल मराठीत! ज्याने द्यावयाचे त्याला कळेल अशाच भाषेत ते लिहिणे प्राप्त होते.

मला ह्या दगडाचे मोल ह्या तेलामुळे वाटते. सिद्धान्तशिरोमणीत ग्रहगती आहेत, आणि त्यांचा पंचांगाला उपयोग आहे हे खरे. पण त्या ग्रंथात, आणि विशेषतः त्याच्या बीजगणितात, असे कितीतरी आहे की ज्याचा घाण्याच्या बैलाशी अथवा तेल्याच्या मुलीच्या लग्नाच्या मुहूर्ताशी काडीचाही संबंध पोचत नाही. एका वर्गसंख्येला एकसष्टाने गुणून त्यात एक मिळविला असता पुन्हा वर्गसंख्या येईल, अशी लहानात लहान संख्या कोणती, हा प्रश्न भास्कराचार्यांनी सोडविला. उत्तर आहे २२,६१,५३,९८०. ज्या दिव्याच्या उजेडात पाटणच्या विद्यार्थ्याने असले उदाहरण घोटले असेल, तो दिवा तेल्याच्या तेलावर जळत होता. आणि तेल्याला कोणी विचारले होते काय? मुळीच नाही. राजाची आज्ञा झाली आणि घाण्यामागचे तेल गेले. प्राचीन काळी लोक विद्येसाठी स्वखुशीने सर्वस्व देत, अशी गोड समजूत करून घेण्यात अर्थ नाही.

हे स्पष्ट पाहिले म्हणजे ह्या व्यवहाराचे खरे नाव सापडते. हुंडी नव्हे, भिक्षाही नव्हे. हे ऋण आहे. आपल्या शास्त्रकारांनी मनुष्याच्या माथी जी तीन ऋणे सांगितली, त्यांत ऋषिऋण एक आहे, आणि ते फेडण्याचा मार्ग म्हणून त्यांनी द्रव्य सांगितले नाही, अध्ययन सांगितले. ज्याच्याकडून घेतले त्याला परत न देता पुढच्याला द्यावयाचे, असे हे विलक्षण कर्ज आहे. परंतु शास्त्रकारांनी एक बाजू मोकळी सोडली. ऋषींचे ऋण आपल्यावर आहे हे त्यांनी सांगितले. ऋषींवर तेल्याचे ऋण आहे, हे सांगावयाचे ते विसरले, अथवा सांगणे त्यांना सोयीचे वाटले नाही.

आज हे तेल निराळ्या रूपाने मागितले जाते. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद येथे, गोविंद स्वरूप ह्यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात एक प्रचंड रेडिओ-दुर्बीण उभी राहिली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात मांडलेल्या आहेत. ही जागा निवडण्याचे एक कारण तेथील शांतता हे होय. कानांची शांतता नव्हे, लहरींची. डोंगरांनी वेढलेल्या त्या भागात शहरांचा बिनतारी गलबला कमी पोचतो. आकाशातून येणारे हे संदेश किती क्षीण असतात ह्याची कल्पना येण्यास एवढे पुरे की, आपल्या खिशातला मोबाइल फोन चंद्रावर नेऊन सुरू केला, तर रेडिओ-दुर्बिणींना तो आकाशातील प्रखर स्रोतांपैकी एक भासेल. ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथे कित्येक वर्षे अधूनमधून एक गूढ ध्वनी उमटत असे. मुदत संपण्याआधी मायक्रोवेव्ह भट्टीचे दार उघडले की तो उमटतो, हे २०१५ साली उघडकीस आले. डोंगरही आता पुरेसे पडत नाहीत, कारण गलबला डोक्यावरून येऊ लागला आहे: अवकाशात हजारोंनी सोडलेल्या स्टारलिंकच्या उपग्रहांतून नेमून दिलेल्या पट्ट्यांच्या बाहेरही लहरी झिरपतात, असे नेदरलँड्समधील लोफार दुर्बिणीने २०२३ साली दाखविले. रेडिओ-ज्योतिषाने ज्याच्या पाळण्याला थोडाबहुत हात लाविला, ते बिनतारी आज मोठे होऊन त्यालाच ऐकू देईनासे झाले आहे. वास्तविक हे सारे शास्त्र जन्मास आले ते बिनतारीच्या पोटीच. अटलांटिकपलीकडील संभाषणात खरखर कोठून येते हे पाहावयास बेल कंपनीने कार्ल जान्स्कीस नेमिले, आणि ती खरखर दररोज चार मिनिटे लवकर येते, म्हणजे ती ताऱ्यांबरोबर फिरते, हे त्याने १९३३ साली दाखविले. आकाशगंगेची खरखर बंद करता येण्यासारखी नसल्यामुळे कंपनीचे काम तेथे संपले, आणि जान्स्कीला दुसरी कामे सांगण्यात आली.

दोन बोलणारे आणि दोन ऐकणारे एकाच लहरीवर असता एकमेकांस न बुडविता जास्तीत जास्त किती बोलू शकतील, हा बिनतारी शास्त्रातील एक मूलभूत प्रश्न आहे. एकच बोलणारा आणि एकच ऐकणारा असेल तर मर्यादा काय, हे शॅननने १९४८ साली सांगितले. दोन जोड्यांचा प्रश्न सर्वसाधारण रूपात आजही सुटलेला नाही. खोडदला हाच प्रश्न गणिताबाहेर येऊन उभा आहे. गेल्या काही वर्षांत पुणे-नाशिक जलद लोहमार्गाची आखणी त्या भागातून करण्याचे घाटत असता, त्यामुळे दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येईल असा आक्षेप निघाला. मार्ग वळविण्याचा विचार पुढे आला. आणि आगगाडी आमच्या तालुक्यातूनच गेली पाहिजे, अशी मागणी तेथील लोकांनी लावून धरली. तेल्याने पहिल्यानेच तोंड उघडले, आणि ते उघडण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.

त्याला काय उत्तर द्यावे? वाय-फायची कथा सांगू नये. तिच्यातला खोटेपणा वर दाखविलाच आहे. आणि शिवाय तिच्यात त्याचा अपमानही आहे. हा मनुष्य केवळ लाभ जाणतो, असे ती गृहीत धरते. ज्या मुलखातील शेतकरी पेरणीच्या ऐन धांदलीत आषाढीच्या वाटेला लागतो, त्या मुलखात लाभावाचून दुसरी भाषा कळणार नाही, असे मानणाऱ्या विद्वानाने आपला मुलूख पाहिलेलाच नाही. त्याला खरे ते सांगावे. आकाशात काही मृत तारे घड्याळाच्या नेमाने स्पंदने सोडीत असतात; त्यांच्या ठोक्यांत वर्षानुवर्षे होणारी अतिसूक्ष्म चुकामूक मोजून, अवकाश स्वतःच संथ लाटांनी हेलावत असल्याचा पुरावा जगातील निरनिराळ्या शास्त्रज्ञगटांनी २०२३ साली पुढे मांडिला, आणि त्यांत ह्या खोडदच्या तबकड्यांनी ऐकलेले ठोकेही होते. ह्याचा उपयोग काय, असे त्याने विचारिले तर ठाऊक नाही म्हणावे. दर वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस विज्ञानदिनी खोडदला हजारो शाळकरी मुले येतात; ऋण फेडण्याचे काम तेथे थोडेसे चालते. ते मराठीत चालावे, वर्षाचे दोन दिवस चालून थांबू नये, आणि मुलांबरोबर त्यांच्या बापांशीही बोलावे.

एवढ्याने सगळी फेड झाली असे मात्र मी म्हणणार नाही. सांगण्याने ऋषीचे कर्तव्य होईल, राज्याचे होणार नाही. खोडदची शांतता राखली जावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तशी जागा पुन्हा घडविता येत नाही, आगगाडीला दुसरी वाट काढता येते. परंतु ती वाट काढताना जुन्नरच्या माणसाला आणि नारायणगावच्या टोमॅटोला पुण्या-मुंबईस पोचावयाचा जो उशीर होईल, जी संधी त्याच्या मुलांच्या हातून जाईल, तिचा हिशेब कोणी तरी मांडला पाहिजे, आणि त्याची भरपाई रस्त्यांनी, जोडमार्गांनी, रोकड पैशांनी, जशी होईल तशी केली पाहिजे. पाटणच्या दगडावर निदान तेल किती घ्यावयाचे ते लिहिलेले आहे. खोडदच्या शांततेपायी तालुक्याकडून काय घेतले, ह्याचा तसा लेख अद्याप कोठेही कोरलेला नाही.